नवरीचा धोंडा

"पोहता येतं का तुला?"

लग्न लागल्यावर नवऱ्यानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. जीप पाथरणीच्या घाटाला लागली होती. वऱ्हाडाची लॉरी केव्हाच पुढं निघून गेली होती आणि मागं राहिलेल्या जीपमध्ये आम्ही पाच जण होतो. पुढं ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी माझे सासरे, आबा. मागं मधोमध मी, कपाळाला मुंडावळ्या, रडून रडून डोळे सुजलेले. माझ्या डाव्या अंगाला नवरा, रंगराव. उजव्या अंगाला ठकूआत्या, माझी पाठराखीण. नवी नवरी एकटी सासरी धाडत नाहीत, माहेरची एक बाई सोबतीला देतात, ती ही.

"न्हाई," मी म्हटलं. "आमच्या गावाला नदीच न्हाई."

"पहिलीलाबी येत नव्हतं," रंगराव म्हणाला आणि बाहेर बघायला लागला.

तो बिजवर होता हे मला ठाऊक होतं. त्याची पहिली बायको तापानं गेली, असं काकानं मला सांगितलं होतं. आईबाप नसलेल्या पोरीला बिजवर मिळाला तरी देवाची कृपा, हे काकूनं सांगितलं होतं. पण तापानं मरणाऱ्या बाईला पोहायचं काय काम, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वळून ठकूआत्याकडं बघितलं. ती बाई डोळे मिटून, तोंडात तंबाखूची चिमूट धरून, देवळात बसल्यासारखी बसली होती.

"मांडवात तुझी पेटी उचलायला आला तो कोण?" रंगरावानं विचारलं. आवाज अगदी मऊ.

"मामाचा पोरगा."

"असं." त्यानं शालूच्या आत हात घालून माझं मनगट धरलं. कुणी लांबून बघितलं असतं तर म्हणालं असतं, बघा, नवऱ्याला किती माया! त्यानं मूठ आवळली. आवळतच गेला. हिरव्या चुड्यातली एक बांगडी आतल्या आत पिचली आणि काच मांसात रुतली. मी ओरडणार, तेवढ्यात तो हसून हळू म्हणाला, "आवाज न्हाई. पुन्हा त्याचं तोंड बघायचं न्हाई."

पुढच्या सीटवरून आबांनी मान न वळवता हाक दिली, "सूनबाई, आपल्या विहिरीला कठडा न्हाई बरं का. पहाटे पाण्याला जाताना जपून. आमच्या घरात बायका लई धांदरट निघतात."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं झालं. फरक इतकाच की माझी विहीर खरीखुरी होती आणि तिच्यात एकजण आधीच गेली होती. माघारी जावं म्हटलं तर निघताना काकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून काय आशीर्वाद दिला होता? "आता तिथनंच तुझी तिरडी उठंल, ध्यानात ठेव." लोक म्हणतात बोलायची रीत आहे ती. जळो ती रीत. हातातून रक्ताचा थेंब शालूवर पडला. शालू लालच होता, कुणाला दिसला नाही.

घाटात धुकं उतरायला लागलं. दुपार होती, पण दहा हातांवरचं झाड दिसेना. ड्रायव्हरनं दिवे लावले. आणि तेवढ्यात ठकूआत्येनं डोळे उघडले.

"धोंडा आला का रं?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"येतोय की मावशी. दोन वळणं."

"उतरावं लागंल नवरीला."

"काही उतरायचं नाही," रंगराव फिस्कारला. "तिन्हीसांजेच्या आत घरी पोचायचंय. म्हातारीची खुळं!"

पण आबांनी मान वळवली. इतका वेळ हसणारा त्यांचा चेहरा उतरला होता. "रंगा, तोंड सांभाळ. ह्या घाटात नवरी उतरवल्याबिगर कुणाची गाडी गेली न्हाई. माझी आई उतरली, तुझी आई उतरली."

"आणि पहिली?" ठकूआत्येनं साळसूदपणे विचारलं.

"ती खालच्या अंगानं आली होती, नदीकडनं," आबा म्हणाले आणि पुन्हा पुढं वळले.

मग ठकूआत्येनं सांगायला सुरुवात केली. कुणी विचारलं नव्हतं. माझ्याकडं तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. फार फार वर्षांमागं इथून एक वरात चालली होती. नवरी पायांनी चालत होती, नवरा घोड्यावर. वाटेत नवरीला तहान लागली, ती धोंड्याजवळ टेकली. नवऱ्यानं मागं वळून बघितलं आणि शिवी हासडली. तशी नवरी धोंड्याला म्हणाली, मला पोटात घे. धोंडा उकलला. नवरी आत गेली. नवरा धावत आला तोवर बाहेर राहिला होता फक्त एक हात, कोपरापासून वर, चुड्यासकट. त्याचा दगड झाला.

"तवापासनं धोंड्याला चव लागलीय," ठकूआत्या म्हणाली. "म्हणून रीत हाय. धोंडा आला की नवरीनं खाली उतरायचं. एकटीनं. गाडी पुढच्या वळणावर वडाखाली नेऊन थांबवायची. नवरीनं धोंड्यापाशी जाऊन एक बांगडी फोडायची, मग चालत गाडीपाशी यायचं. तोवर कुणी मागं बघायचं न्हाई, नवऱ्यानं तर न्हाईच न्हाई. कुणी तिला नावानं हाक मारायची न्हाई. नवऱ्यानं मागं बघितलं, की धोंड्यानं नवरी घेतलीच."

"घेतलंय का कुणाला?" रंगरावानं विचारलं. विचारताना हसला, पण हसू काही जमलं नाही.

"कळंबीच्या पाटलांची घेतली. त्याच्या आधी तांदळ्याच्या एका मास्तरची. शोधून शोधून दमले, नखसुद्धा सापडलं न्हाई," आत्या म्हणाली. आबांनी दोन्ही हात जोडून पुढच्या काचेला नमस्कार केला.

मला तिचा इतका संताप आला! इथं माझं मनगट सोललंय, शेजारी काळ बसलाय आणि हिला भुताच्या गोष्टी सुचतायत. माझी पाठ राखायला आली होती की मला घाबरवून मारायला?

"तिथं एक म्हातारी बसती," ती पुढं म्हणाली. "धोंड्याची आई म्हणतात तिला. ती तुला तीनदा विचारील, 'सासरी जातीस का धोंड्यात?' तीनदा 'सासरी' म्हणायचं. सगळ्या नवऱ्या तेच म्हणतात. समजलं?"

मी मान हलवली. जीप थांबली.

रस्त्याच्या कडेला दोन लोखंडी दांड्यांवर एक पत्र्याची पाटी होती. निम्मा रंग उडालेला, पण मी सातवीपर्यंत शिकलेली, मला वाचता आलं. "नवरीचा धोंडा. येथे नवरीस धोंड्याने पोटात घेतले. वऱ्हाडाने रीत पाळूनच पुढे जावे." सरकारी पाटीवर, मैलाच्या दगडासारखं, निवांत लिहिलेलं. आत्येची गोष्ट तोवर मला थोडी तरी गोष्ट वाटत होती. पत्र्यावर वाचल्यावर ती खरी झाली.

"आत्ये, तू चल ना," मी तिचा दंड धरला.

"एकटीनं जायचं असतंय." तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. मग मला खाली उतरवायच्या निमित्तानं वाकली आणि कानात म्हणाली, "पण एक ध्यानात ठेव. धोंड्याला खोटं चालत न्हाई."

दार लागलं. जीप निघाली. मागचा लाल दिवा धुक्यात शिरता शिरता मला पाठीमागच्या काचेत एक तोंड दिसलं. रंगरावाचं. तो मागं वळून बघत होता.

हाक मारावी तर कुणाला? मी धोंड्याकडं चालायला लागले. पायांत जोडवी नवी, सवय नाही, दगडावर टकटक वाजत होती. तो माझाच आवाज मला मागून कुणी येत असल्यासारखा वाटत होता. दोनदा थांबून मागं बघितलं. धुकं होतं फक्त. करवंदीच्या जाळीतून पाणी ठिबकत होतं.

आणि मग तो धोंडा दिसला. पुरुषभर उंच, काळा, जरा पुढं कललेला. मधोमध कोपरापासून वर उभा केलेला एक हात. मनगटावर दगडाच्या बांगड्या. पंजा उघडा, कुणी थांब म्हणावं तसा. वर चंद्र-सूर्य. पायथ्याशी फुटलेल्या बांगड्यांचा हिरवा खच पडला होता, किती वर्षांच्या किती नवऱ्यांचा कुणास ठाऊक. मला वाटलं, हा हात आता मिटणार.

धोंड्याच्या आडून म्हातारी उठली. डोक्यावर घोंगडीची खोळ, कपाळावर हे एवढं कुंकू. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मनगटावर तिची नजर जरा थांबली.

"ये," ती म्हणाली. "भिऊ नगंस, असं म्हनत न्हाई मी. समद्याच भित्यात." मग तिनं आवाज चढवला, इतका की पुढच्या वळणापर्यंत जावा. "पोरी, सासरी जातीस का धोंड्यात?"

जीभ टाळ्याला चिकटली.

पुढून हॉर्न वाजला. लांब, चिडका. मग पुन्हा वाजला. हॉर्न वाजवणारा हात ड्रायव्हरचा नाही हे मला त्या आवाजावरून कळलं.

"सासरी जातीस का धोंड्यात?"

"सा..." मी म्हटलं. म्हणायचंच होतं मला. सगळ्या म्हणतात. पण तोंडात तो अर्धा शब्द असतानाच मला ती विहीर दिसली. कठडा नसलेली, पहाटेची. काठावर मी कळशी घेऊन वाकलेली आणि माझ्या मागं मऊ आवाजात कुणीतरी बोलणारं. धोंड्याला खोटं चालत नाही. खोटं बोलून तिकडं जायचं आणि तिकडंच मरायचं, त्यापेक्षा खरं बोलून इथं मरावं. निदान धोंडा मनगट पिरगाळणार नाही. मी सतरा-अठराची पोर, मला जगायचं होतं हो! पण कुठं जगायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. दोनच घरं होती समोर, आणि दोन्ही मरणाची.

"तिसऱ्यांदा इचारती. सासरी जातीस का धोंड्यात?"

"धोंड्यात," मी म्हटलं.

डोळे गच्च मिटून घेतले. आता दगड उकलेल, गार लागेल, मग काहीच लागणार नाही. मी आईचं नाव घेतलं.

मनगटावर पंजा पडला. जिवंत माणसाचा, खरखरीत, ऊन ऊन. मी डोळे उघडले तर म्हातारीनं माझे दोन्ही हात धोंड्यावर टेकवून चुडा फोडायला घेतला होता. काच खळाखळा पडली. तिनं माझ्या मुंडावळ्या ओढून दगडाच्या त्या हातावर टांगल्या. शालूचा पदर दातांनी टरकावला आणि ती चिंधी धोंड्याच्या बुडाशी फटीत खुपसली, निम्मी आत, निम्मी बाहेर. हे सगळं एका दमात. हात इतके सराईत की जणू रोजची भाकरी थापत होती.

"धोंडा... धोंडा उकलला न्हाई," मी म्हटलं. आता आठवलं की हसू येतं.

"मागनं उकलतोय त्यो," म्हातारी म्हणाली. "चल. जोडवी काढ, हातात धर. आवाज करशील तर दोघी मरू."

धोंड्याच्या मागं करवंदीची दाट जाळी होती. तिनं एक फांदी बाजूला केली. आत माणूस आडवं शिरेल एवढी वाट, आणि तिथून खाली, कड्याच्या कुशीत, दगडात खोदलेल्या पायऱ्या. मला तिनं तिसऱ्या पायरीवर दाबून बसवलं. "श्वाससुदीक हळू," म्हणाली, फांदी परत लावली आणि निघून गेली.

मग तिची किंकाळी ऐकू आली. मला खरं काय ते माहीत असून माझ्या अंगावर काटा आला.

"घेतली गं! घेतली पोर धोंड्यानं!"

पावलं धावत आली. चपलांची, बुटांची. पाठोपाठ ठकूआत्येचा टाहो. असा टाहो मी जन्मात ऐकला नव्हता. "माझ्या भावाची लेक गं! काय सांगू आता मी! बांगड्या बघा, पदर बघा!"

"हौसे!" रंगराव ओरडला.

समोरच्या कड्यानं हाक उलटी दिली. औसेऽ, औसेऽ. एकदा, मग पुन्हा, लांबून.

"नाव घेऊ नको!" आबांचा आवाज चिरकला. "तो ओ देतोय, रंगा! नाव घेऊ नको!"

"पळाली असंल! कुठंतरी लपली असंल!"

"कुठं पळंल?" ठकूआत्या ओरडली. "पुढं तुमी, मागं उघडा रस्ता, खाली कडा! कुठं पळंल नवी नवरी? तुमी मागं बघितलं, रंगराव! ह्या माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. काचेतनं मागं वळून बघितलं तुमी!"

आबांची पावलं त्याच्याजवळ सरकली.

"बघितलंस?" आबांनी विचारलं.

"मी... नुसतं जरा..."

"बघितलंस?"

पण हार मानणारा माणूस तो नव्हता. थोड्या वेळानं त्याची पावलं धोंड्याला वळसा घालून माझ्याकडं यायला लागली. मी तोंडात शालूचा बोळा कोंबला. जाळीच्या वर, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, त्याची नवी कोल्हापुरी चप्पल दिसली, लाल गोंड्याची. चपलेखालून माती सुटली आणि माझ्या मांडीवर पडली. त्यानं नुसती फांदी हलवायची खोटी होती. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, ते त्याला ऐकूच जाणार.

"जा की," धोंड्याची आई म्हणाली. अगदी शांतपणे. "जा, बघ मागं. कुणी न्हाई म्हनलंय? तांदळ्याच्या मास्तरचा भाऊबी गेला हुता. पर मागं गेल्यावर पुढं यायचं का न्हाई, ते धोंड्याच्या मनावर हाय बाबा. भूक आज निम्मीच भागलीया त्येची."

चप्पल तिथंच उभी होती. तिच्यातला अंगठा थरथरत होता. मी तो बघितला. आयुष्यात पहिल्यांदा मला दिसलं की हा माणूससुद्धा भितो.

"रंगा," आबा रडकुंडीला येऊन म्हणाले, "मी तुझ्या पाया पडतो, मागं ये."

लाल गोंडा मागं सरकला. पावलं गेली. जीप सुरू झाली, घरघर धुक्यात विरत गेली. तरी मी शालूचा बोळा तोंडातून काढला नाही. म्हातारीनंच येऊन काढला.

खाली उतरायला बराच वेळ लागला. पायऱ्या संपल्यावर रान, रान संपल्यावर ओढा, आणि ओढ्यापलीकडं कोकणच्या अंगाला सात-आठ घरांची एक वाडी. आमच्या बाजूचं कुणी तिकडं सोयरिकीला जात नाही, बाजाराला जात नाही. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई भात कांडत होती. तिनं मला बघितलं, माझे मोकळे हात बघितले, मुसळ बाजूला ठेवलं आणि आत वळून हाक दिली, "अगं, चहा टाका. धोंड्यानं धाडलीय एक."

मला काही समजेना. मी नुसती हुंदके देत उभी. ती जवळ आली, माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"रडून घे," ती म्हणाली. "मी कळंबीच्या पाटलांची. ती आत चहा टाकतीय ना, ती तांदळ्याच्या मास्तरची."

ठकूआत्या मला भेटायला आली ती पुढच्या संक्रांतीनंतर, तीळगूळ घेऊन. मी तिच्या गळ्यात पडले आणि मग तिच्याशी कडाकडा भांडले. "सांगितलं का नाहीस? भीतीनं मेले असते ना मी!"

"विहिरीचं मला मांडवात कळलं, त्यांच्याच बायकांच्या तोंडून," ती म्हणाली. "तुझ्या काकाला बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणाला अक्षता पडल्यात. म्हटलं मग पाठराखीण मीच जाणार, आणि गाडी घाटातनंच न्यायची. तुला सांगितलं असतं, तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. त्यो रंगराव का डोळे मिटून बसला होता? आणि शिकवायचं नसतंच गं ते. ज्या पोरीला जायचं असतं, तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतंय. तीच खरी रीत."

"आणि मागं बघायचं नाही, ती?"

"मागं कोण बघत न्हाई?" ठकूआत्या म्हणाली. "परतेक नवरा बघतो."

पुढं माझा संसार झाला, मुलंबाळं झाली. चांगला माणूस मिळाला. धोंड्याची आई थकली तेव्हा वाडीतल्या बायकांनी घोंगडी माझ्या खांद्यावर दिली.

मध्यंतरी रस्ता रुंद झाला. सरकारी साहेब आले, म्हणाले, जुनी पाटी गंजलीय, नवी लावायचीय, माहिती सांगा आजी. मी सांगितली. आता तिथं निळी मोठी पाटी आहे, झाडाखाली बाकडं आहे. "जाणकारांच्या मते ही सतीशिळा असून पतीच्या चितेवर गेलेल्या स्त्रीचे स्मारक आहे. स्थानिक श्रद्धेनुसार मात्र हा धोंडा नवरीस पोटात घेतो. शेवटची अशी घटना हौसाबाई नावाच्या नवरीबाबत घडल्याचे सांगितले जाते." माणसं मोटारीतून उतरतात, माझं नाव मोठ्यानं वाचतात, चुकचुकतात, फोटो काढतात. माझ्याकडून करवंदं घेतात.

एकदा एक म्हातारा उतरला. काठी टेकत, डोळ्यांवर जाड भिंगं. पाटी वाचली. हौसाबाईशी येऊन त्याचं बोट थांबलं. चेहरा ओळखू येत नव्हता, पण "आजी, नारळ कुठं ठेवायचा?" म्हणाला आणि तो मऊ आवाज माझ्या मनगटात रुतला. इतकी वर्षं झाली तरी हात आपोआप पदराखाली गेला.

"घरात कोण कोण असतं?" मी विचारलं.

"कोण असणार? ज्याची नवरी धोंड्यानं घेतली, त्याला कोण मुलगी देतंय? आबांनी गावंच्या गावं पालथी घातली. कुणी दारात उभं केलं न्हाई." तो धोंड्यापासून लांबच उभा होता, पाय पुढं टाकत नव्हता. "खरंच घेतो का हो हा?"

"घेतो," मी म्हटलं. "नवऱ्यानं मागं बघितलं तर."

हातातला नारळ त्यानं तिथंच रस्त्यावर ठेवला आणि गाडीकडं गेला. जाताना एकदाही मागं वळला नाही.

मी बसून राहिले. विहीर अजून आहे का, हे विचारायचं राहून गेलं. पण तिच्यावर त्यानंतर कुणाची लेक पाण्याला गेली नाही, एवढं मला कळलं.

घाटाचं नाव मी तुम्हाला खरं सांगितलेलं नाही. गावांचीही नाही. वरातीच्या गाड्या अजून थांबतात, मोबाईलवरची गाणी बंद करतात, नवरी उतरते, मी तीनदा विचारते. बहुतेक पोरी हसत हसत "सासरी" म्हणतात, धोंड्यावर एक बांगडी फोडतात, मी त्यांच्या गालावरून हात फिरवते आणि जाऊ देते. नांदोत बिचाऱ्या. पण दर वर्षी पाऊस सरला की मी कोयता घेऊन धोंड्याच्या मागं जाते आणि पायऱ्यांवर वाढलेलं रान साफ करून ठेवते.